शॉर्ट सोसणारा बारा व्होल्टचा ट्रान्झिस्टर रेग्युलेटर

मालवणच्या आमच्या घरी काही वर्षांपूर्वी गणपतीच्या आराशीसाठी मी ट्रान्झिस्टरचा एक साधा बारा व्होल्टचा पुरवठा तयार केला होता. मखरातल्या दिव्यांची माळ आणि आरतीसाठीचा छोटा अँप्लिफायर असे दोन्ही त्यावरच चालत. तिसऱ्या दिवशी उंदराने कुरतडलेल्या माळेच्या वायरी एकमेकींना टेकल्या, ठिणगी उडाली, वायरीचा बारीक पदर जळून तुटला आणि शॉर्ट आपोआप सुटलाही. पण तेवढ्या वेळात २एन३०५५ या मुख्य ट्रान्झिस्टरचे कलेक्टर आणि एमिटर हे पाय आतल्या आत एक झाले होते. परिणामी बारा व्होल्टच्या जागी चोवीस व्होल्ट सरळ अँप्लिफायरला गेले आणि त्याचा आयसी तडकला. फ्यूज मात्र शाबूत होता, कारण फ्यूजची तार वितळायला जितका वेळ लागतो त्याच्या कितीतरी आधी ट्रान्झिस्टर जातो, आणि जाताना तो बहुधा उघडा न पडता शॉर्ट होऊन जातो. शॉर्टपासूनचे संरक्षण हे रेग्युलेटरसाठी, म्हणजे दाब स्थिर ठेवणाऱ्या मंडळासाठी, असते त्याहून अधिक त्याच्यावर चालणाऱ्या यंत्रासाठी असते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. त्यानंतर बांधलेला आणि अजून चालू असलेला बारा व्होल्ट, एक अँपियरचा रेग्युलेटर कसा करावा, ते येथे सांगतो.

नुसते बारा व्होल्ट हवे असतील तर बाजारातला ७८१२ हा तयार रेग्युलेटर आयसी आणून लावावा. त्याच्या पोटात प्रवाहमर्यादा आणि अतिउष्णतेपासूनचे संरक्षण दोन्ही असते. सुटे ट्रान्झिस्टर घेऊन बांधण्यात फायदा असा की मर्यादा किती आणि कशी ठेवायची हे आपल्या हातात राहते आणि बिघाड झाला तर तालुक्याच्या दुकानात मिळणाऱ्या भागांतून दुरुस्ती होते. स्वस्तातले स्विचिंग अ‍ॅडॅप्टर हलके आणि थंड असतात खरे, पण मीडियम वेव्हचा रेडिओ त्यांच्याजवळ ठेवला की केंद्राऐवजी घरघर ऐकू येते. हा रेग्युलेटर तसा त्रास देत नाही.

कच्चा पुरवठा

कच्च्या, म्हणजे अजून स्थिर न केलेल्या, पुरवठ्यासाठी ट्रान्सफॉर्मर १८ व्होल्ट, २ अँपियरचा घ्यावा. बारा व्होल्टसाठी पंधराचा पुरेल असे वाटते, परंतु पावसाळ्यात संध्याकाळी घरातला दाब १९० व्होल्टपर्यंत उतरतो तेव्हा पंधराचा ट्रान्सफॉर्मर कमी पडतो आणि रेडिओत शंभर हर्ट्झचा गुंजारव शिरतो. अठराच्या ट्रान्सफॉर्मरमधून १९० व्होल्टलाही, पुलातल्या (एसीचे डीसी करणाऱ्या जोडणीतल्या) डायोडांचे सुमारे १.६ व्होल्ट आणि कपॅसिटरवरील चढउताराचे दोन व्होल्ट वजा जाता, १७ व्होल्टच्या वर उरतात. दोन अँपियरचे कारण असे की एक अँपियर डीसी काढताना सेकंडरीतून (१८ व्होल्टच्या गुंडाळीतून) जाणारा एसी प्रवाह त्याच्या दीडपटीहून अधिक भरतो, कारण कपॅसिटर दर अर्ध्या आवर्तनात थोडाच वेळ, पण मोठ्या घोटाने भरून घेतो.

पुलासाठी १एन५४०२ जातीचे चार डायोड आणि ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर वापरावा. कपॅसिटर ५० व्होल्टचाच घ्यावा. ३५ व्होल्टचाही चालतो असे दुकानदार म्हणतो, पण लोड नसताना आणि रात्री उशिरा दाब २६० व्होल्टला चढलेला असताना येथे ३१ व्होल्टपर्यंत भरतात. प्रायमरीला, म्हणजे घरच्या विजेच्या बाजूला, ५०० मिलिअँपियरचा सावकाश उडणारा फ्यूज आणि पुलानंतर २ अँपियरचा फ्यूज ठेवावा. त्यांचे काम आग टाळण्याचे आहे; ट्रान्झिस्टर वाचवण्याची अपेक्षा त्यांच्याकडून ठेवू नये.

चार ट्रान्झिस्टरांची जोडणी

वाचता वाचता कागदावर आकृती काढत गेल्यास पुढचा भाग सोपा जाईल. मुख्य ट्रान्झिस्टर २एन३०५५ असून त्याला चालवणारा बीडी १३९ आहे. या दोघांचेही कलेक्टर कच्च्या धन बाजूला जोडावेत आणि बीडी १३९ चा एमिटर २एन३०५५ च्या बेसला जोडावा. २एन३०५५ च्या बेस आणि एमिटरमध्ये २२० ओहम लावावा, म्हणजे तापलेल्या ट्रान्झिस्टरमधून झिरपणारा प्रवाह लोड नसताना बाहेरचा दाब वर ढकलणार नाही. बीडी १३९ च्या बेसला कच्च्या धन बाजूकडून १.५ किलोओहम द्यावा. हा रेझिस्टर एक वॅटचा हवा, कारण शॉर्टच्या वेळी त्याच्यावर पंचवीस व्होल्टपर्यंत येतात आणि सुमारे ०.४ वॅट उष्णता निर्माण होते. अर्ध्या वॅटचा घातला तर तो जळत नाही, पण काळवंडतो आणि वर्षभरात त्याची किंमत सरकते.

बीसी ५४७ दोन लागतात. एक बाहेरचा दाब मोजतो आणि दुसरा प्रवाह हद्दीत ठेवतो, म्हणून मी पहिल्याला मापाडी म्हणतो आणि दुसऱ्याला राखणदार. आमच्याकडे वाडीच्या वेशीवर जो असतो त्याच्यावरून हे नाव दिले आहे, आणि हाही तसाच एरवी कोणाच्या वाटेला जात नाही.

मापाड्याचा कलेक्टर बीडी १३९ च्या बेसला जोडावा आणि एमिटर ६.२ व्होल्टच्या झेनरच्या (ठरावीक दाब धरून ठेवणाऱ्या डायोडच्या) कॅथोडला. झेनरचा अ‍ॅनोड ऋण बाजूला जाईल. झेनरला प्रवाह बाहेरच्या स्थिर बारा व्होल्टकडून १ किलोओहममधून द्यावा, कच्च्या बाजूकडून देऊ नये, म्हणजे कच्च्या बाजूची थरथर मोजमापात येत नाही. झेनर ६.२ चाच निवडण्यामागे कारण आहे: या दाबाच्या झेनरचा व्होल्टेज तापमानाबरोबर दर अंशाला साधारण दोन मिलिव्होल्टने वाढतो, तर ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर व्होल्टेज तितक्याच वेगाने घटतो, त्यामुळे दोघांची बेरीज, म्हणजे ६.८५ व्होल्टच्या आसपासचा आकडा, जवळपास जागेवर राहतो. ही दोघे बोर्डावर शेजारी शेजारी बसवावीत.

मापाड्याच्या बेसला बाहेरच्या धन टोकाकडून २.७ किलोओहम द्यावा, आणि बेसपासून ऋण बाजूपर्यंत २.७ किलोओहम व त्याच्याशी ओळीने २.२ किलोओहमचा प्रीसेट (फिरवून लावायचा बदलता रेझिस्टर) जोडावा. प्रीसेटचा मधला पाय त्याच्या एका टोकाला जोडून टाकावा. पुष्कळ आराखड्यांत मधला पाय थेट बेसला जातो, आणि कोरड्या हवेच्या गावी ते चालतही असेल. येथे दोन पावसाळ्यांत प्रीसेटचा सरकता संपर्क उठतो. तो उठला की बेस अधांतरी राहतो, मापाडी झोपतो आणि बाहेर कच्चे चोवीस व्होल्ट जातात. मी सांगितलेल्या जोडणीत संपर्क उठला तर प्रीसेटचे सगळे २.२ किलोओहम मध्ये येतात आणि बाहेरचा दाब साधारण १०.६ व्होल्टवर उतरतो, म्हणजे रेडिओ थोडा मंदावेल, पण मरणार नाही. प्रीसेट फिरवून दाब साधारण १०.६ ते १३.७ व्होल्ट या टप्प्यात लावता येतो. मापाड्याच्या कलेक्टर आणि बेसमध्ये १०२ छापलेला, म्हणजे १ नॅनोफॅरडचा, सिरॅमिक कपॅसिटर घालावा. तो नसल्यास लांब वायरी जोडल्यावर रेग्युलेटर आपोआप आंदोलने करू लागण्याची शक्यता असते.

राखणदार

२एन३०५५ चा एमिटर थेट बाहेरच्या टोकाला न नेता त्यात १.५ ओहम, ५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर घालावा. वरचे दाबाचे मोजमाप या रेझिस्टरच्या पलीकडून, म्हणजे बाहेरच्या टोकापासून घेतलेले असल्याने त्याच्यावर पडणारा दीड व्होल्ट बाहेर जाणवत नाही. राखणदाराचा एमिटर बाहेरच्या धन टोकाला आणि कलेक्टर बीडी १३९ च्या बेसला जोडावा. त्याचा बेस कोठे जोडायचा यावर सगळे अवलंबून आहे.

सर्वांत सोपी रीत अशी की बेस सरळ २एन३०५५ च्या एमिटरला जोडायचा. मग त्या रेझिस्टरवर ०.६५ व्होल्ट पडले की राखणदार जागा होतो आणि बीडी १३९ च्या बेसचा प्रवाह ओढून घेतो. एक अँपियरची मर्यादा हवी असेल तर या रीतीत रेझिस्टर ०.५६ ओहमचा लागतो. पुष्कळजण येथेच थांबतात आणि मीही एकदा थांबलो होतो. प्रवाह खरोखरच ११५० मिलिअँपियरच्या पुढे जात नाही. पण बाहेर शून्य व्होल्ट असताना कच्च्या बाजूचे सगळे तेवीस व्होल्ट आता २एन३०५५ वरच पडतात. एरवी एक अँपियर देताना त्याच्यावर दहा वॅटच्या आसपास उष्णता असते, ती शॉर्टमध्ये पंचवीस वॅटच्या पुढे जाते, आणि दाब २६० ला असेल तर तीस वॅट होते. शॉर्ट झाल्या क्षणी ट्रान्झिस्टर वाचतो, आणि कोणी वायर न सोडवल्यास अर्ध्या तासाने शिजून जातो.

म्हणून शॉर्ट झाल्यावर प्रवाह नुसता अडवायचा नाही, तर मागे घ्यायचा. त्यासाठी राखणदाराचा बेस थेट न जोडता २एन३०५५ च्या एमिटरकडून ३९० ओहममधून जोडावा आणि त्याच बेसपासून ऋण बाजूला ४.७ किलोओहम लावावा. आता या दोन रेझिस्टरांमुळे बेसला एमिटरच्या दाबाचा सुमारे ९२ टक्के भागच मिळतो. बाहेर बारा व्होल्ट असताना राखणदाराचा बेस त्याच्या एमिटरपेक्षा ०.९ व्होल्टने खालीच असतो, आणि ती तूट भरून काढून वर ०.६५ व्होल्ट मिळवायला १.५ ओहममधून १.१ अँपियरच्या थोडे वर जावे लागते. बाहेरचा दाब जसा कोसळतो तशी ही तूटही कमी होते, त्यामुळे राखणदार आणखी लवकर जागा होतो. पूर्ण शॉर्टमध्ये तूटच उरत नाही आणि प्रवाह ०.४७ अँपियरवर येऊन थांबतो. तेवीस व्होल्ट गुणिले ०.४७, म्हणजे साधारण अकरा वॅट. पूर्ण लोडवर असते त्याच्याच जवळपास ही उष्णता आहे, आणि नेहमीच्या कामासाठी लावलेला हीटसिंक शॉर्टमध्येही पुरतो. १९६७ साली फेअरचाइल्ड कंपनीने बाजारात आणलेला ७२३ हा रेग्युलेटर आयसी वापरतानाही प्रवाह मागे घेण्याची व्यवस्था बाहेर अशाच दोन रेझिस्टरांनी केली जाते.

एक अडचण सांगितली पाहिजे. सुरुवातीलाच जास्त प्रवाह मागणारी वस्तू, उदाहरणार्थ भार असलेली डीसी मोटर किंवा पाण्याचा छोटा पंप, अशा रेग्युलेटरवर सुरू न होता खालच्या व्होल्टेजलाच अडकून बसू शकते, कारण शून्यापाशी तिला अर्धाच अँपियर मिळतो. तंतूचा दिवा चालतो, फक्त पेटायला किंचित वेळ लावतो. प्रवाह याहूनही मागे घेता येतो, पण मग ही अडचण वाढते आणि १.५ ओहमच्या जागी रेझिस्टरही मोठा घालावा लागतो, त्यामुळे कमी दाबाच्या संध्याकाळी व्होल्ट अपुरे पडतात. म्हणून निम्म्याच्या थोडे खाली आणून थांबावे असे माझे मत आहे.

बाहेरच्या टोकांवर १०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर आणि त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरड पुरेसा आहे. येथे हजार-दोन हजारांचा कपॅसिटर लावण्याचा मोह टाळावा; त्यात साठलेली वीज राखणदाराच्या पुढे असते, आणि शॉर्ट झाल्यावर ती त्याला न विचारता बाहेर पडते.

हीटसिंक

सर्वांत जास्त उष्णता पूर्ण शॉर्टमध्ये होत नसून अर्धवट शॉर्टमध्ये, म्हणजे बाहेर सहा व्होल्टच्या आसपास उरलेले असताना होते. तेव्हा २६० व्होल्टच्या दाबाला २एन३०५५ वर सोळा वॅटपर्यंत येतात. पेटीतली हवा ४५ अंश धरली आणि ट्रान्झिस्टरचे अंतरंग १२५ अंशांच्या आत ठेवायचे ठरवले, तर वॅटमागे एकूण पाच अंश खर्च करता येतात. त्यांतले दोन ट्रान्झिस्टरच्या आत आणि अभ्रकाच्या चकतीत जातात, म्हणून हीटसिंक वॅटमागे तीन अंश किंवा त्याहून कमी तापणारा हवा. तो पेटीच्या मागे, बाहेरच्या अंगाला, पाती उभी राहतील असा बसवावा. २एन३०५५ चे कवच हाच कलेक्टर असल्याने अभ्रक, पेस्ट आणि स्क्रूभोवतीच्या नळ्या लावून झाल्यावर कवच आणि हीटसिंक जुळलेले नाहीत याची मल्टिमीटरने खात्री करावी. बीडी १३९ ला पत्र्याची लहानशी पट्टी पुरते. राखणदार मात्र हीटसिंकपासून दूर ठेवावा, कारण तो तापला की मर्यादा आपोआप खाली सरकते.

२एन३०५५ घेताना दुकानातच मल्टिमीटरच्या डायोड टप्प्यावर पाहावा. लाल टोक एका पायाला आणि काळे कवचाला लावल्यावर अर्ध्या व्होल्टच्या आसपास आकडा येतो तो पाय बेस; दुसऱ्या पायापासून कवचापर्यंत दोन्ही दिशांनी काहीच दिसता कामा नये. कवच हातात हलके लागत असेल आणि छपाई नखाने निघत असेल तर दुसरे दुकान गाठावे.

चाचणी

पहिल्यांदा वीज देताना प्रायमरीच्या वाटेत साठ वॅटचा तंतूचा दिवा ओळीने जोडावा. तो क्षणभर उजळून विझला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर बंद करून चूक शोधावी. त्यानंतर दिवा काढून, बाहेर काहीही न जोडता, कच्च्या बाजूचा दाब पाहावा आणि प्रीसेट फिरवून बाहेरचा बारा व्होल्टवर आणावा. झेनरवर ६.२ च्या आसपास, मापाड्याच्या बेसवर त्याहून ०.६ ते ०.७ ने अधिक आणि बीडी १३९ च्या बेसवर साडेतेराच्या जरा खाली व्होल्ट दिसले पाहिजेत.

आता लोड द्यावा. १२ ओहमचा, २० वॅटचा रेझिस्टर लावल्यावर एक अँपियर जातो आणि बारा व्होल्ट जागेवर राहतात. त्याच्या जागी १० ओहम लावला की दाब साडेदहाच्या जवळ उतरतो, आणि ८.२ ओहम लावल्यावर सात व्होल्टवर येतो व प्रवाह ८६० मिलिअँपियरपर्यंत घटतो. लोड वाढवत नेला आणि प्रवाह कमी झाला, हे एकदा स्वतःच्या मीटरवर पाहिल्याशिवाय खरे वाटत नाही. शेवटी मीटर १० अँपियरच्या टप्प्यावर ठेवून त्याची टोके थेट बाहेरच्या टोकांना लावावीत. मीटर हाच शॉर्ट होतो आणि ०.४५ ते ०.५ च्या दरम्यान आकडा दाखवतो. तो तसाच दहा मिनिटे ठेवून हीटसिंक पाहावा. मीटर काढताच बारा व्होल्ट परतले पाहिजेत.

शॉर्टमध्ये अँपियरभर किंवा त्याहून अधिक प्रवाह दिसला तर राखणदाराचे पाय उलटे लागलेले असण्याचा संभव अधिक. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले असता डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम असतो. बीडी १३९ मध्ये छापील बाजूने पाहता तो एमिटर, कलेक्टर, बेस असा आहे, आणि माझा एक संपूर्ण रविवार या फरकापायी गेला आहे. बाहेर कच्चा दाब जसाच्या तसा येत असेल तर आधी २एन३०५५ काढून तपासावा, मग मापाड्याच्या बेसपर्यंत दाब पोचतो का ते पाहावे.

खारी हवा

किनाऱ्यापासून कोस-दोन कोसांत राहणाऱ्यांनी बोर्ड काच-एपॉक्सीचा घ्यावा. तपकिरी हायलमचा बोर्ड पावसाळ्यात ओल धरतो. दाब मोजणारे रेझिस्टर मी मुद्दाम दोन-तीन किलोओहमचे ठेवले आहेत. शेकडो किलोओहमचे घेतले असते तर बॅटरीवर वीज वाचली असती, पण मिठाचा आणि ओलीचा जो अदृश्य थर बोर्डावर बसतो त्यातून गळणारा प्रवाहही मग मोजात धरला गेला असता आणि आषाढात बाराचे साडेबारा झाले असते. सोल्डर करून झाल्यावर फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन काढावा, बोर्ड दिवसभर उन्हात वाळवावा आणि सर्व चाचण्या संपल्यावरच त्यावर इन्सुलेटिंग वार्निशचे दोन हात द्यावेत. प्रीसेटवर वार्निश जाऊ देऊ नये. स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेसचे वापरावेत. लोखंडी स्क्रू गंजून फुगतो, २एन३०५५ चा कलेक्टर-संपर्क त्या स्क्रूमधूनच येत असल्याने तेथे संपर्क ढिला पडतो, आणि दोष मात्र ट्रान्झिस्टरवर येतो.

पेटीला तीन पिनांची वायर आणि अर्थिंग हवेच. आमच्या जांभ्याच्या जमिनीत एप्रिल-मे महिन्यांत अर्थिंगचा खड्डा खडखडीत कोरडा पडतो आणि त्याचा रोध वाढतो, म्हणून त्या दिवसांत आठवड्यातून एकदा त्यात दोन कळशा पाणी ओतावे. पेटीच्या हवेच्या भोकांना आतून बारीक पितळी जाळी लावावी. ट्रान्सफॉर्मरच्या उबेला पाल येऊन बसते, आणि प्रायमरीच्या दोन टोकांवर तिचे पाय पडले तर तो शॉर्ट राखणदाराच्या हद्दीतला नसतो.